रोमन लिपीतील मराठी संदेशलेखन

मोबाइलवरील लघुसंदेशांत मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीस रोमन लिपीतील मराठी संदेशलेखन म्हणतात. एका लघुसंदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात. देवनागरीची मात्र ७० चिन्हेच मावतात आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटीही स्वतंत्र मोजली जाते.

या लेखनात 'काल', 'काळ' आणि 'कळ' सहसा एकसारखेच दिसतात. पुणे जिल्ह्यातील 'दौंड' या नावातील 'द' व 'ड' यांसाठी एकच अक्षर येते. १९६२च्या लेखननियमांनुसार अकारान्त शब्दाचा उपान्त्य उकार दीर्घ असतो. 'शिरूर'मधील हा दीर्घ उकार येथे लुप्त होतो. त्यामुळे वाचकाला अर्थ संदर्भावरूनच लावावा लागतो. लिप्यंतर करणाऱ्या कळफलकांमुळे आता रोमन अक्षरे टंकूनही देवनागरीत लिहिता येते.