अधिक तपास ठाणेदार करीत आहेत...

आमच्या वऱ्हाडातला कुठलाही पेपर उघडा, अकोल्याचा घ्या की अमरावतीचा. गुन्ह्याच्या बातमीचा शेवट ठरलेला असतो : "अधिक तपास ठाणेदार अमुक यांच्या मार्गदर्शनात सुरू आहे." लहानपणी मला वाटायचं, बातमीदार स्वतः चौकशी करून हे लिहीत असणार. पुढे कळलं की बराचसा मजकूर ठाण्यातूनच येतो.

गंमत अशी की शंभर वर्षांपूर्वी हा व्यवहार उलटा होता. तेव्हा सरकार आणि त्याचे पोलीस पेपर वाचायचे! अकोल्याहून 'वऱ्हाड समाचार', अमरावतीहून 'प्रमोदसिंधु' निघायचे, तो काळ. 1867 च्या कायद्याने छापणाऱ्याला मॅजिस्ट्रेटपुढे नावगाव नोंदवावं लागे. 1910 चा प्रेस ॲक्ट तर नव्या छापखान्याकडून 500 ते 2000 रुपये ठेव मागायचा. मजकूर राजद्रोही ठरला की ठेव जप्त. 1922 साली तो कायदा गेला, 1931 साली तसलाच दुसरा आला.

स्वातंत्र्यानंतर नातं बदललं. पेपरला रोज बातमी हवी आणि ठाण्याला नाव. बातमीदार सकाळी ठाण्यात चक्कर मारायचा. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रेस नोट येते. सोबत फोटो : पुढे टेबलावर मुद्देमाल, मागे पथक, मध्ये तोंड झाकलेला आरोपी. अमरावतीत शहराचे आयुक्त वेगळे, ग्रामीणचे एसपी वेगळे. अकोल्याला एसपी. प्रत्येक कार्यालयाची आपापली नोट.

यात कुणी खोटंच बोलतं असं मला म्हणायचं नाही. पण एफआयआर ही एका बाजूची फिर्याद असते, निकाल नव्हे. अटकेची नोट निघते. सुटकेची कोण काढणार?

आमच्या ओळखीतल्या एकाचं नाव असंच छापून आलं होतं. काही वर्षांनी कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. पेपरात एक ओळ नाही! पुढे मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा पाहुण्यांनी विचारलं ते त्या जुन्या बातमीबद्दलच. सोयरीक तिथेच मोडली.

7 सप्टेंबर 2016 ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर 24 तासांत वेबसाइटवर टाका. आम्हा प्रोग्रामर लोकांना असला खुला डेटा दिसला की बरं वाटतं. पण ही झाली फक्त पहिली नोंद. खटल्याचं पुढे काय झालं ते ई-कोर्ट्सवर, म्हणजे दुसऱ्याच डेटाबेसात. हे दोन टेबल जोडायचं काम बातमीदाराचं. त्यासाठी पोलिसांच्या नोटेची वाट पाहावी लागत नाही. केस नंबर आणि पुढची तारीख डायरीत लिहून ठेवली तरी पुरे.

असो. पुढच्या वेळी "अधिक तपास" वाचाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या, की गोष्ट तिथे संपलेली नसते. छापणं थांबलेलं असतं, इतकंच.