यूटोपियातील कायदा व न्याय

टॉमस मोर (१४७८–१५३५) या इंग्रज कायदेपंडिताच्या ‘यूटोपिया’ (१५१६) या लॅटिन ग्रंथातील काल्पनिक बेटावरची न्यायव्यवस्था. तेथे खाजगी मालमत्ता नसल्याने वारसा, कर्ज, बांध यांवरून तंटेच उद्भवत नाहीत. कायदे मोजके व सर्वांना समजणारे. वकिलांना मज्जाव असून प्रत्येकाने आपली बाजू न्यायाधीशापुढे स्वतःच मांडायची. मोर स्वतः लंडनमधील नामांकित वकील होता, हे येथे लक्षात घ्यावे. ग्रंथाच्या पहिल्या भागात चोरांना फाशी देण्याच्या तत्कालीन इंग्रजी प्रथेवर कठोर टीका आहे. मेंढ्यांच्या कुरणांसाठी शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकावायचे आणि त्यांतील उपाशी माणसाने चोरी केली की त्याला फासावर चढवायचे, हा खरा अन्याय होय, हे त्यातील प्रतिपादन आजही वाचकाला अस्वस्थ करते.

मात्र मालमत्ता समाईक झाली तरी सत्तेची उतरंड मोरने कायम ठेवली, ही या कल्पनेतील गंभीर उणीव आहे. मोठ्या गुन्ह्यांना दास्याची शिक्षा आहे. परवान्याशिवाय दुसऱ्यांदा हद्द ओलांडणाराही दास होतो. सार्वजनिक कारभाराची खलबते सभेबाहेर केल्यास देहदंड मिळतो. घरात पत्नीला शिक्षा करण्याचा अधिकार पतीकडे आणि मुलांना शिक्षा करण्याचा आईवडिलांकडे आहे.