पेटीवरचे नाव, दप्तरातला नकाशा

युरोपीय व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने १८३६ साली मुंबईत बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स उभे राहिले. देशी व्यापाऱ्यांचे इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ चे, वालचंद हिराचंद यांनी काढलेले महाराष्ट्र चेंबर १९२७ चे आणि पुण्याचे मराठा चेंबर १९३४ चे. रत्नागिरीच्या व्यापाराचा घाट मात्र निराळा होता. इथे ना कापसाचा बाजार, ना गिरण्यांची धुराडी. उलट इथली माणसेच गिरण्यांत कामाला जायची आणि गावाकडची चूल मनीऑर्डरीवर पेटायची. मुंबईच्या बाजारात नावावर विकला जाणारा जिल्ह्याचा माल म्हणजे हापूस. पण तो पिकवणाऱ्यांना एका सतरंजीवर बसायला फार उशीर लागला.

याचे कारण स्वभावात शोधण्याची गरज नाही, ते व्यवहारातच सापडते. आंब्याचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. आगबोटींच्या काळात पावसाळ्याच्या तोंडावर बंदरे बंद होत, त्यामुळे त्याआधी निघेल तेवढाच माल मुंबईला पोचायचा. बागायतदार झाडावरून फळ उतरवणार, पेंढा घालून पेटी भरणार, वर आपले नाव घालणार आणि ती क्रॉफर्ड मार्केटातल्या दलालाच्या हवाली करणार. फवारणीला, राखणीला आणि मजुरीला लागणारा पैसा त्याच दलालाकडून आधीच ‘उचल’ म्हणून आलेला असे. ज्याची उचल घेतली, त्यालाच माल घालायचा, असा न लिहिलेला करार.

भाव ठरायचा तो रुमालाखाली. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घालणार, वर रुमाल पडणार आणि आत बोटे दाबून आकडे सांगितले जाणार. शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागू नये, अशी ही रीत. मग सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर बसलेल्या बागायतदाराला काय कळणार? त्याच्या हाती यायची ती ‘पट्टी’: इतक्या पेट्या, इतका भाव, त्यातून आडत, हमाली, वाहतूक वजा, उचल वळती, बाकी इतकी. शेजारच्या बागेला काय मिळाले, हे विचारण्यात अर्थ नसे. त्याची पट्टी निराळ्या पेढीची. बाजार पुढे वाशीला गेला, आगबोटींची जागा ट्रकने घेतली, तरी पट्टीचा मजकूर फारसा बदलला नाही. फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा करून आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असे राज्य सरकारने ठरवले ते थेट २०१६ साली.

बागा मात्र वाढत होत्या. १९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली आणि कोकणातल्या कातळावर सुरुंग लावून खड्डे खणले गेले, माती वाहून आणली गेली, कलमे लागली. माल वाढला तशी नक्कलही वाढली. कर्नाटकातला आंबा ‘रत्नागिरी’ छापलेल्या पेटीत बसून सर्रास विकला जाऊ लागला.

हापूसच्या बाबतीत नाव म्हणजे केवळ मिरवण्याची गोष्ट नव्हे. बाहेरून सोन्यासारखे दिसणारे फळ कापल्यावर आत पांढरट, आंबूस, भुसभुशीत निघू शकते. त्याला साका म्हणतात. वास घेऊन, दाबून, उलटून पाहूनही गिऱ्हाइकाला तो कळत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजते ते विश्वासावर, आणि तो विश्वास पेटीवरच्या नावाला चिकटलेला असतो. ते नाव दुसऱ्याने वापरले, तर नुकसान एका पेटीपुरते राहत नाही.

नाव राखण्याचा रस्ता कायद्याने दाखवला. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ साली झाला आणि सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. त्याचे कार्यालय चेन्नईला. या कायद्याची एक अट कोकणाच्या वर्मावर नेमके बोट ठेवणारी होती: नोंदणी एकट्यादुकट्या बागायतदाराला किंवा व्यापाऱ्याला मिळत नाही. अर्ज करायचा तो उत्पादकांच्या संघटनेने, नाहीतर त्यांच्या वतीने बोलू शकणाऱ्या संस्थेने. पिढ्यानपिढ्या ज्याने आपली पट्टी आपल्याच खिशात ठेवली, त्याला आता सभा बोलवायची होती, ठराव करायचा होता आणि इतिवृत्तावर सह्या घ्यायच्या होत्या.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने २००८ मध्ये अर्ज दाखल केला आणि खरी मौज तिथून सुरू झाली. अर्जाला हद्दीचा नकाशा लागतो. कोकण म्हणजे कुठून कुठपर्यंत? देवगडचा बागायतदार म्हणणार, आमच्या कातळावरचा आंबा वेगळाच, त्याला ‘देवगड’ म्हणूनच ओळखा. दापोली तालुक्यातल्या केळशी परिसराचा संघ ‘रत्नागिरी’ नावासाठी उभा. उत्तरेकडच्या जिल्ह्यांचे म्हणणे, कलमे आमच्याकडेही तीच आहेत. साल पातळ कोणाची, वास कोणाचा, गराचा रंग कोणाचा, यावर पारावर पिढ्यानपिढ्या चाललेला वाद आता पुराव्यानिशी, कागदावर, वकिलांसमोर मांडायचा होता. आणि हे सगळे ज्या फळासाठी, त्याचे नाव एका पोर्तुगीज सरदाराचे आणि कलमाची विद्या गोव्यातून वर आलेली, हा गमतीचा भाग वेगळाच.

निकाल लागायला दहा वर्षे गेली. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला ‘हापूस’ म्हणून नोंदणी मिळाली. मालकी एकाची नव्हे. विद्यापीठ, देवगड तालुक्याची आंबा उत्पादक सहकारी संस्था, केळशी परिसराचा संघ आणि रत्नागिरीची कोकण हापूस आंबा उत्पादक व विक्रेते सहकारी संस्था अशा चौघांची. त्या वेळी केंद्रात वाणिज्यमंत्री होते सुरेश प्रभू, म्हणजे कोकणचेच. आंबेवाल्यांना हा योग आवडला नसता तरच नवल.

पण नोंदणी झाली म्हणून पेटीवर शिक्का उमटत नाही. प्रत्येक बागायतदाराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते आणि ती करून घ्यायचे काम पुन्हा या संस्थांकडेच. अर्ज, शुल्क, सातबारा. कोकणातला सातबारा म्हणजे चुलत्या-पुतण्यांची हजेरीच. निम्मी नावे मुंबईत, काही कधीच निवर्तलेली. बाग कसणारा एक, उताऱ्यावर अकरा. मग तालुक्यातालुक्यांत मेळावे, संमतिपत्रे, तेच तेच समजावणे. वर्तमानपत्रात याची चार ओळींचीही बातमी होत नाही, पण हापूसच्या नावाची राखण प्रत्यक्षात होते ती या संस्थांच्या टेबलावर.

देवगडच्या संस्थेने २०२५ च्या हंगामात आणखी एक पाऊल टाकले. प्रत्येक फळावर वेगळा क्रमांक असलेला स्टिकर. क्रमांकाचा काही भाग उघडा, काही स्टिकर सोलल्यावर दिसणारा. आंबा अस्सल आहे की नाही, हे गिऱ्हाइकाने फोनवरून तपासायचे. मोलाची गोष्ट त्याच्या मागची: बागायतदाराला स्टिकर मिळणार ते त्याच्या झाडांच्या हिशेबाने. म्हणजे कोणाच्या बागेत किती कलमे, हे संस्थेच्या दप्तरात आले. जो आकडा पूर्वी बागायतदार भावकीलाही नीट सांगत नसे, तो आता त्याने आपण होऊन लिहून द्यायचा.

दरम्यान जुन्नरहून ‘शिवनेरी हापूस’ आणि गुजरातेतून ‘वलसाड हापूस’ या नावांसाठी अर्ज गेले. तिकडे मलावीत वाढलेल्या कलमांचा हापूस ऐन हिवाळ्यात वाशीला उतरू लागला. मलावीच्या आंब्याशी हंगामाचे भांडण नाही, पण जुन्नर आणि वलसाडच्या अर्जांनी कोकणातल्या संस्थांना पुन्हा एकत्र बसवले. हरकती लिहिल्या गेल्या, वकील गाठले गेले. केळशी मोठी की देवगड, हा प्रश्न त्या बैठकीपुरता तरी कोणी काढला नसावा.