लांबच्या गिऱ्हाइकाचं काम

दिवसभराची नोकरी सांभाळून संध्याकाळी परदेशी क्लायंटचं प्रोग्रॅमिंग करणारी मुलं छत्रपती संभाजीनगरात हल्ली नवलाची वाटतात. माझ्या मते ती या शहराच्या जुन्याच वाटेवर आहेत. इथलं कसब कायम लांबच्या गिऱ्हाइकावर जगलं, आणि ते गिऱ्हाईक कोणाच्या ओळखीचं आहे यावरच कमाई टिकली. इथल्या हिमरू कापडाचंच पाहा. सुती ताणा, रेशमी बाणा. नक्षी मागाच्या वरच्या दोऱ्यांत आधीच बांधलेली. वर बसलेला मदतनीस नेमके दोरे उचलायचा आणि खाली विणकर धोटा टाकायचा. पण या कापडाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे निजामाचा दरबार आणि शेरवान्या शिवून घेणारे उमराव. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान संपलं, तो आश्रय आटला आणि हातातलं कसब शाबूत असूनही माग बंद पडत गेले. पुढे १९८५ मध्ये शहराजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, भोवती सुटे भाग करणारी वर्कशॉपं उभी राहिली. शहरात पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जॉबवर्कात ड्रॉइंगही गिऱ्हाइकाचं आणि दरही बहुधा त्याचाच.

मग या मुलांना परदेशी काम मिळवून देणारी अपवर्कसारखी संकेतस्थळं म्हणजे नवे दलालच, असं कोणी म्हणेल. दलाली आहेच. पण अपवर्कची २०१६ ची दरआकारणी बोलकी आहे: एकाच क्लायंटकडून मिळालेल्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, १०,००० डॉलरपर्यंत १० आणि त्यापुढे ५. म्हणजे रोज नवं गिऱ्हाईक शोधणाऱ्याचा खिसा जास्त कापला जायचा, एकाशी नातं टिकवणाऱ्याचा कमी. २०२३ मध्ये दर सरसकट १० टक्के झाला, तरी प्रत्येक नव्या कामासाठी बोली लावण्यात जाणारा वेळ बिनपगारीच राहिला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: इतर देशांतले लोक तेच काम स्वस्तात करतात. साध्या वेबसाइटच्या बाबतीत हे खरंच आहे, तिथे दर पडणारच. पण वाळूजच्या शॉपफ्लोअरवर रिजेक्शन का वाढतं, खराब निघालेला भाग कोणत्या बॅचचा हे कसं शोधतात, हे ज्याने पाहिलंय आणि ज्याला कोडही लिहिता येतं, अशा माणसाची तुलना नुसत्या कोड लिहिणाऱ्याशी होत नाही. छोट्या परदेशी कारखान्याला असाच माणूस हवा असतो. वेळही जुळते: उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा इथे सात वाजलेले असतात, जनरल शिफ्ट सुटलेली असते. मात्र पहिली बोली लावण्याआधी नियुक्तिपत्रातलं बाहेरच्या कामाबद्दलचं कलम नीट वाचावं, आणि मालकाचं ड्रॉइंग किंवा डेटा त्या कामात कधीही येऊ देऊ नये.