नकाशावरचा झरा

दक्षिण वेल्समधल्या टॅफ नदीच्या खोऱ्यात फिरताना खुणा चुकवता येत नाहीत. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून आता सायकलींच्या वाटा गेल्या आहेत आणि जुन्या खाणींच्या जागी फलक उभे आहेत. ॲबरफॅन गावात (वेल्श माणूस त्याचा उच्चार ‘अबरव्हॅन’ असा करतो) एक बाग आहे. तिच्यातल्या बुटक्या भिंती जरा चमत्कारिक वाटतात, बागेच्या मानाने फारच काटकोनी. त्या वर्गांच्या भिंतींच्या जागी आहेत. इथे पांटग्लास प्राथमिक शाळा होती. वर डोंगरउतारावरच्या दफनभूमीत पांढऱ्या कमानींच्या दोन लांब रांगा आहेत आणि त्या गावातून दिसतात.

ही स्मारकं काय झालं आणि कुठे झालं ते सांगतात. त्याची सुरुवात कधी झाली, हे मात्र २१ ऑक्टोबर १९६६ पासून मागे मोजत जाऊनच कळतं.

१६२ वर्षे आधी

२१ फेब्रुवारी १८०४. जवळच्या मर्थर टिडव्हिलमधल्या पेनिडॅरन लोखंड कारखान्यातून रिचर्ड ट्रेव्हिथिकचं वाफेचं इंजिन निघालं. दहा टन लोखंड आणि सुमारे सत्तर माणसं ओढत ते याच खोऱ्यातून ॲबरकिननपर्यंत गेलं. रुळांवरून वाफेच्या इंजिनाने भार ओढून नेल्याची जगातली ही पहिली नोंद. मर्थरमध्ये त्याचं स्मारक आहे. इंजिन आलं तसा कोळशाचा खप वाढत गेला, आणि खोऱ्याच्या पोटातला कोळसा उपसायला सुरुवात झाली.

९७ वर्षे आधी

ऑगस्ट १८६९. नदीकाठी मर्थर व्हेल खाणीचा उभा बोगदा खणायला घेतला. खाणीभोवती गाव वाढलं. कोळशाबरोबर दगड आणि माती बाहेर येते, ती कुठेतरी टाकावीच लागते. खोरं अरुंद, तळाला नदी, कालवा, रूळ आणि घरं. जागा उरली ती डोंगरावर. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गावाच्या डोक्यावर पहिला ढिगारा उभा राहिला. पुढे एकामागून एक ढिगारे होत गेले, आणि त्यांना नावं न देता नुसते आकडे दिले गेले.

२७ वर्षे आधी

डिसेंबर १९३९. याच खोऱ्यात थोडं खाली, किल्व्हिनिथ गावाजवळ, अशाच एका ढिगाऱ्यातला सुमारे १,८०,००० टन राडारोडा घसरून रस्त्यावर आला. माणूस दगावला नाही. त्यानंतर एका अभियंत्याने टिपण लिहिलं: ढिगारे का घसरतात, पाणी कसं मुरतं, काय टाळावं. टिपण फायलीत गेलं.

जवळजवळ २० वर्षे आधी

१ जानेवारी १९४७. ब्रिटनमधल्या कोळसा खाणी सरकारच्या ताब्यात आल्या. प्रत्येक खाणीवर नवा फलक लागला. आजपासून ही खाण राष्ट्रीय कोळसा मंडळ जनतेच्या वतीने चालवणार, असा त्याचा मजकूर होता. मर्थर व्हेलची जनता म्हणजे तिथलेच खाणकामगार आणि त्यांची बायका-मुलं.

८ वर्षे आधी

ईस्टर १९५८. सहा ढिगाऱ्यांनंतर सातवा सुरू झाला. जागा निवडताना जमिनीची तपासणी झाली नाही. काही अधिकारी डोंगरावर चालून आले, जागा पाहिली आणि ठरवलं. त्या जागेखाली झरे होते. ते शोधायला कुणी पहार मारायची गरज नव्हती, कारण सरकारी नकाशांवर ते काढलेले होते. नकाशा उघडून पाहिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सातव्या ढिगाऱ्यावर दगडमातीबरोबर एक वेगळा माल पडायचा. कोळसा धुऊन झाल्यावर उरणारा तो पिठासारखा बारीक गाळ. तो पाणी धरून ठेवतो. समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर एकाच जागी पाय आपटत राहिलं की घट्ट वाटणारी वाळू दह्यासारखी सैल होते आणि पाय आत जातो. तोच प्रकार इथे, फक्त शंभर फुटांहून उंच ढिगाऱ्यात, आणि खालून झऱ्याचं पाणी.

३ वर्षे आधी

ऑगस्ट १९६३. नगरपालिकेच्या अभियंत्याने कोळसा मंडळाला पत्र लिहिलं. विषय स्पष्ट होता: पांटग्लास शाळांच्या मागे टाकल्या जाणाऱ्या गाळाचा धोका. त्याच वर्षी सातवा ढिगारा एकदा घसरलाही, पण गावापर्यंत पोहोचला नाही. जानेवारी १९६४ मध्ये पालिकेच्या बैठकीत एका सभासद बाईंनी सांगितलं, हा ढिगारा हलला तर अख्खी शाळा धोक्यात येईल. पत्रं गेली, उत्तरं आली. गाळ पडत राहिला.

पावणेदोन वर्षे आधी

जानेवारी १९६५. पाऊस झाला की डोंगरावरून काळं पाणी येऊन शाळेजवळ तुंबायचं. दोन आयांनी सह्या गोळा करून अर्ज मुख्याध्यापिका ॲन जेनिंग्ज यांच्याकडे दिला, त्यांनी तो पालिकेकडे पोहोचवला. त्या वर्षी दुसऱ्या एका खाणीचा ढिगारा घसरला तेव्हा १९३९चं टिपण फायलीतून काढून पुन्हा वाटण्यात आलं. सातव्या ढिगाऱ्यावरचं काम थांबलं नाही.

३ आठवडे आधी

ऑक्टोबर १९६६. महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत ॲबरफॅनमध्ये साडेसहा इंच पाऊस पडला, त्यातला जवळजवळ निम्मा तिसऱ्या आठवड्यात. सह्याद्रीच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथे वरून पडणारं आणि खालून येणारं पाणी एकाच ठिकाणी अडून बसलं होतं.

गुरुवार, २० ऑक्टोबर, रात्र

ढिगाऱ्याचा माथा अंधारात नऊ-दहा फूट खचला. ज्या रुळांवरून क्रेन सरकायची त्यांचा काही भाग त्या खड्ड्यात गेला. डोंगरावर रात्री कुणी नसतं.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

पहिल्या पाळीची माणसं ढिगाऱ्यावर पोहोचतात आणि खड्डा पाहतात. फोन नाही, कारण फोनची तार पुन्हा पुन्हा चोरीला जायची. टोळीतला एक जण निरोप घेऊन पायी डोंगर उतरतो आणि खाणीकडे जातो.

या फोनबद्दल पुढे फार बोललं गेलं. चौकशीत ठरलं की फोन असता तरी माणसं वाचली नसती. त्याहून बोचरी गोष्ट वेगळीच आहे. त्या सकाळी फोन असता, तरी तो खाणीतच वाजला असता. ढिगारा खचला की खाणीला कळवायचं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. शाळेला कळवायचं, हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

८:३० च्या सुमारास

खोऱ्यात दाट धुकं आहे. वर डोंगरावर ऊन, खाली पन्नास मीटरपलीकडचं दिसत नाही. टोळीला गाव दिसत नाही, गावाला टोळी दिसत नाही. आज शाळेचा सहामाही सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, दुपारी शाळा सुटणार. मुलं धुक्यातून येत आहेत.

९:००

निरोप घेऊन गेलेला माणूस वरिष्ठांसह परत येतो. तोवर माथा आणखी खचून वीस फुटांपर्यंत गेला आहे. ठरतं ते असं: आज इथे काही टाकायचं नाही, क्रेन मागे ओढून घ्यायची आणि नवी जागा पुढच्या आठवड्यात ठरवायची. काम सुरू करण्याआधी टोळी खोपटात चहाला बसते. क्रेनचालक खड्ड्याच्या काठावर उभा आहे.

खाली शाळेची घंटा झाली आहे. वर्गावर्गात हजेरी सुरू आहे. जेवणाचे पैसे गोळा करणाऱ्या नॅन्सी विल्यम्स मुलांमध्ये उभ्या आहेत.

९:१३

गावातल्या एका घरातलं घड्याळ या वेळेवर थांबलं. आज ते सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात आहे. अधिकृत नोंदी ९:१५ची वेळ सांगतात. फरक दोन मिनिटांचा.

९:१५

क्रेनचालकाला खड्डा भरून येताना दिसतो. आधी हळूहळू वर येतो, मग लाटेसारखा उसळतो आणि धुक्यात उतरतो. खोपटातली माणसं बाहेर धावतात, ओरडतात. ओरडणं पोहोचण्याचा प्रश्नच नाही.

ढिगाऱ्याच्या पोटात अडलेल्या पाण्याने घट्ट वाटणारा माल क्षणात पातळ केला होता. सुमारे १,१०,००० घनमीटर राडारोडा सुटला. वीस ते तीस फूट उंचीची लाट उताराने आली. वाटेतल्या दोन शेतघरांतली माणसं त्यात गेली. बंद पडलेल्या रेल्वेचा बांध आणि जुना कालवा ओलांडून सुमारे ३८,००० घनमीटर गाळ गावात शिरला. नळाच्या मोठ्या वाहिन्या फुटल्या आणि त्यांचं पाणी गाळात मिसळत राहिलं.

शाळेत मुलांना आधी गडगडाट ऐकू आला. वाचलेल्यांपैकी अनेकांना तो जेट विमानाचा वाटला. शाळेचा मोठा भाग गाडला गेला. नॅन्सी विल्यम्सनी पाच मुलांवर स्वतःला झोकून दिलं. मुलं वाचली, त्या गेल्या. उपमुख्याध्यापक डेव्हिड बेनन सापडले तेव्हा त्यांच्या मिठीत पाच मुलं होती. त्यातलं कुणीच जिवंत नव्हतं.

लाट थांबली तेव्हा गावात आवाज उरला नव्हता. वाचलेले अनेक जण या शांततेबद्दल बोलतात.

९:२५

मर्थर पोलिसांना पहिला फोन येतो: ढिगारा शाळेवर आला आहे.

९:५०

मर्थरच्या सेंट टिडव्हिल रुग्णालयात पहिली जखमी मुलं पोहोचतात. दरम्यान खाणीतून पाळीच्या पाळी वर आल्या आहेत. जमिनीखाली दरड कोसळली तर माणूस कसा काढायचा, हे या लोकांना येतं. फक्त आजवर हे काम त्यांनी जमिनीवर, आणि आपल्याच मुलांसाठी, केलेलं नव्हतं. मधूनच शिट्टी वाजते, शेकडो फावडी थांबतात, आणि सगळे कान लावून ऐकतात.

११:००

यानंतर कुणीही जिवंत सापडलं नाही. हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. रेडिओवर बातमी ऐकून हजारो माणसं गावाकडे निघाली होती. खोदकाम दिवस-रात्र सुरू राहिलं. गावातल्या बेथेनिया प्रार्थनागृहात मृतदेह ठेवले गेले, आणि आई-वडील रांगेत उभे राहिले.

पुढचे दिवस

१४४ मृत्यू. त्यातली ११६ मुलं. पांटग्लास शाळेत १०९ मुलं आणि ५ शिक्षक. २४ ऑक्टोबरला मृत्यूंची सुनावणी सुरू झाली तेव्हा कारण म्हणून श्वास कोंडणं, इजा असं वाचलं जाऊ लागलं. एक बाप उठला आणि म्हणाला, माझ्या मुलाच्या दाखल्यावर लिहा, राष्ट्रीय कोळसा मंडळाने त्याला जिवंत गाडलं. २७ ऑक्टोबरला डोंगरउतारावर ८१ मुलं आणि एक बाई यांना एकाच वेळी पुरलं.

मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स दुर्घटनेच्या दिवशी सरे विद्यापीठाचे कुलपती म्हणून पदग्रहण करत होते. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात आले. ढिगाऱ्याखालचा झरा अज्ञात होता, अशी मंडळाची सुरुवातीची भूमिका होती.

न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या चौकशी न्यायाधिकरणाने ७६ दिवस साक्षी घेतल्या. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला आणि दोष कोळसा मंडळावर ठेवला गेला. दुष्टावा नव्हता, अज्ञान आणि गलथानपणा होता, असा त्याचा निष्कर्ष. नऊ अधिकाऱ्यांची नावं घेतली गेली. कुणावर खटला झाला नाही, कुणाची नोकरी गेली नाही.

त्यानंतर

जगभरातून मदतनिधीत सुमारे साडेसतरा लाख पौंड आले. डोंगरावर उरलेले ढिगारे हलवायचा खर्च कोण करणार, यावर मंडळ आणि सरकार हात झटकू लागले. तेव्हा गावकऱ्यांनी कार्डिफच्या सरकारी कार्यालयात ढिगाऱ्याचा काळा गाळ नेऊन ओतला. शेवटी ढिगारे हलले, पण त्यासाठी मृतांच्या नावाने आलेल्या निधीतून १,५०,००० पौंड काढून घेण्यात आले. ते १९९७ मध्ये परत मिळाले, तेही बिनव्याजी. २००७ मध्ये वेल्स सरकारने स्मारकाच्या देखभालीसाठी १५ लाख पौंड दिले.

१९६९च्या कायद्याने ढिगाऱ्यांवर देखरेख सक्तीची झाली. मर्थर व्हेल खाण १९८९ मध्ये बंद पडली. खाणी गेल्या, ढिगारे राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये मोठ्या वादळी पावसानंतर जवळच्या खोऱ्यातल्या टायलर्सटाउनचा जुना ढिगारा घसरून नदीत आला. या वेळी खाली शाळा नव्हती. त्यानंतर वेल्सने आपले ढिगारे मोजायला घेतले. अडीच हजारांहून जास्त निघाले.

त्यातले जास्त धोक्याचे कोणते आणि कुठे, ते दाखवणारा नकाशा २०२३ मध्ये सरकारने सर्वांसाठी खुला केला. १९६५ मध्ये ज्या दोन आयांनी सह्या गोळा केल्या, त्यांना फक्त शाळेजवळ तुंबलेलं काळं पाणी दिसत होतं. ते पाणी येतं कुठून, हे सांगणारा नकाशा तेव्हाही होता, पण त्यांच्या हातात नव्हता.