भाऊसाहेबांचा तोतया

श्रोतेहो, रात्रीच्या वेळी पारावर चार माणसे जमली, म्हणजे भुताखेतांच्या गोष्टी निघाल्यावाचून राहत नाहीत. मेलेला माणूस ओढ्याकाठी दिसला, त्याने नाव घेऊन हाक मारली, असे छातीवर हात ठेवून सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. आज मी आपल्याला अशाच एका मेलेल्या माणसाची हकीकत सांगणार आहे. हा माणूस मात्र ओढ्याकाठी दिसला नाही. तो पंधरा वर्षांनी फौज घेऊन आला, आणि कोकणातल्या किल्ल्यांचे दरवाजे त्याच्यापुढे उघडले गेले.

गोष्टीचा आरंभ पानिपतावर होतो. 14 जानेवारी 1761 रोजी दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले. ते पाहताच सेनापती सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि ऐन गर्दीत शिरले. पुढे त्यांचे काय झाले, हे परत आलेल्यांपैकी कोणालाच खात्रीने सांगता येईना. हत्तीवरची अंबारी रिकामी दिसली, एवढेच लोकांनी पाहिले, आणि तिथून सैन्याचा धीर सुटला.

मग भाऊंचा देह मिळाला की नाही? शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी 1780 साली फारसीत ह्या युद्धाची हकीकत लिहिली. ते सांगतात, की शिर नसलेले एक धड सापडले आणि अंगावरच्या खुणांवरून ते भाऊंचे ठरले. त्यातली एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 1759 साली मुजफ्फरखान गारद्याने भाऊंवर शस्त्र चालवले होते, त्या जखमेचा व्रण पाठीवर होता. पुढे शिरही मिळाले आणि अग्निसंस्कार झाला. पुरावा तसा वाईट नाही. पण हे सारे घडले शत्रूच्या छावणीत, पुण्यापासून शेकडो कोस दूर. घरच्या माणसांनी काही डोळ्यांनी पाहिले नाही.

आणि न पाहिलेल्या मरणावर मन विश्वास ठेवत नाही, हे आपण जाणताच. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः त्या मोहिमेत होत्या. त्या परत आल्या, पण त्यांनी वैधव्य पत्करले नाही. 1783 साली त्या वारल्या, तोवर त्या सौभाग्यवतीच राहिल्या. बावीस वर्षे, बरे का! नाना फडणीसही पानिपतावर होते. ते जीव वाचवून आले, पण त्यांची आई त्या धामधुमीत हरवली ती हरवलीच. महाराष्ट्रात अशी घरे किती असतील! कोणाचा बाप, कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा. ‘आज ना उद्या येईल’ ह्या आशेवर सगळा मुलूख बसलेला होता.

ही आशा एका माणसाच्या पथ्यावर पडली. सुखलाल ऊर्फ सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण चेहऱ्यामोहऱ्याने भाऊंसारखा दिसे. ‘मीच भाऊ’ म्हणून तो मिरवू लागला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत, म्हणजे 1761 ते 1772 ह्या काळात, त्याला पकडून चौकशी झाली. त्याने आपले खरे नाव कबूल केले आणि त्याची रवानगी किल्ल्यावर झाली. पण कैद्याची कबुली लोकांना सहसा पटत नाही. भिंतीआड ठेवलेला माणूस दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याच्याविषयी गोष्टी वाढतच जातात.

शेवटी हा कैदी रत्नागिरीस रामचंद्र नाईक परांजपे ह्या अंमलदाराच्या ताब्यात होता. 1776 साली परांजप्यांनी त्याला मोकळे केले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे आणले. काळ नाजूक होता. नारायणराव पेशव्यांचा 1773 साली खून झालेला, गादीवर दोन वर्षांचे मूल, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले. अशा वेळी घरातले कर्ते माणूस परत आले, तर कोणाला नको असेल? फौज जमली, किल्ले मिळाले, बंड घाटापर्यंत आले. मुजरा करणाऱ्या त्या हजारो लोकांपैकी खऱ्या भाऊंना जवळून पाहिलेले किती होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

पुणे दरबाराने महादजी शिंद्यांना त्याच्यावर पाठवले. तोतयाची फौज मोडली, तो समुद्रमार्गाने पळाला आणि कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यास आणून त्याची पुन्हा चौकशी झाली, आणि डिसेंबर 1776 मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी पुढे ह्याच प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले.

‘विश्वास पानिपतात गेला’ असे आपण सहज बोलून जातो. ह्या प्रकरणात मला त्याच्या उलटे दिसते. पानिपतानंतर लोकांनी विश्वास ठेवला तो फार, आणि तो नको त्या जागी. त्यांना मूर्ख म्हणून मोकळे होऊ नये. ते दुःखी होते. आणि दुःखी माणसाला जे हवे असते तेच नेमके दाखवणारा ठक प्रत्येक काळात निघतो. हरवलेले माणूस मंत्राने दाखवतो म्हणणारे बुवा आजही आहेत, आणि तोतया अधिकारी तर वर्तमानपत्रात नेहमी वाचायला मिळतात.

शिक्षकबंधूंनी ही हकीकत वर्गात जरूर सांगावी. मुले शेवटी विचारतीलच, ‘गुरुजी, तो खरा भाऊ असता तर?’ लगेच उत्तर देऊ नका. त्यांनाच विचारा, की तुम्ही पंच असता तर काय काय पाहिले असते? एखादा पोरगा पाठीवरच्या व्रणाचे नाव काढील. त्या दिवशी इतिहासाचा तास सार्थकी लागला असे समजावे.