हवामान धोरणाच्या नव्या अभ्यासकासाठी: बदनापुरातून केलेली प्रस्तावना

हवामान बदलाला तोंड देण्याच्या धोरणांचा अभ्यास सुरू करणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा येते ती द्वीपराष्ट्रांची कहाणी. ते योग्यच आहे. या लहान देशांनी १९९० मध्ये आपली आघाडी उभारली. पॅरिस करारात १.५ अंशांचा उल्लेख आला तो मुख्यतः त्यांच्या रेट्यामुळे. वानुआतूने १९९१ मध्येच समुद्र चढल्याने होणाऱ्या नुकसानीची भरपाई कोण देणार, हा प्रश्न मांडला होता. तसा निधी स्थापण्याचा निर्णय व्हायला २०२२ साल उजाडले. पुढे त्याच वानुआतूच्या पुढाकाराने हा विषय आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांच्या कायदेशीर जबाबदाऱ्यांबद्दल आपले मत दिले. हे सारे वाचायलाच हवे. पण मराठी वाचकाला या विषयाचे दार याहून जवळ उघडते, असे माझे ठाम मत आहे. ते जालना जिल्ह्यात, दुधना खोऱ्यातल्या बदनापुरात आहे.

समुद्रापासून इतक्या दूरच्या तालुक्याचा बेटांशी काय संबंध? संबंध पाण्याचा आहे. प्रवाळ बेटाखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो. तो फक्त पावसाने भरतो, आणि उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते. बदनापूरच्या शिवाराखाली काळा बेसॉल्ट आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत, तेही थोडेच. त्याखाली कितीही फूट बोअर मारला तरी पाणी लागेलच याची खात्री नाही. दोन्हीकडे वर्षाचा पाऊस हेच उत्पन्न आणि साठा मात्र तुटपुंजा. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवच्या राजधानीतला समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना आगीने बंद पडला, तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी तिथे पिण्याचे पाणी पोहोचवले. पुढे दीडच वर्षात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. अभ्यासकाने या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

बदनापूर निवडण्याचे आणखी एक कारण आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र इथे आहे आणि तुरीच्या वाणांसाठी ते शेतकऱ्यांत ओळखले जाते. 'बीडीएन' या अक्षरांनी सुरू होणारे वाण इथले. त्यांतला बीडीएन ७११ नीट समजून घेतला तर हवामान अनुकूलन म्हणजे काय याचा निम्मा धडा होतो. पूर्वीचे मध्यम कालावधीचे वाण तयार व्हायला पावणेसहा-सहा महिने घेत. पाऊस लवकर ओसरला की मध्यम जमिनीतली ओल नोव्हेंबरअखेर सरते, आणि नेमके तेव्हा तुरीच्या शेंगा भरत असतात. मग दाणा पोचट राहतो. बीडीएन ७११ ही पांढरी तूर साधारण १५० ते १५५ दिवसांत काढणीला येते. जूनअखेर पेरलेली तूर ओल संपता संपता हाती लागते. पाऊस वाढवणे कोणाच्या हातात नव्हते. पिकाचे वेळापत्रक बदलणे हातात होते, आणि संशोधकांनी ते बदलले. त्यामागे कितीतरी हंगामांची निवड, चाचण्या आणि रोगाच्या प्लॉटमधली पारख असते. परिषदांच्या ठरावांत अशा कामाला क्वचितच ओळ मिळते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

२०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. वार्षिक पीक बुडाले तर शेतकरी पुढच्या मृगात पुन्हा उभा राहतो. बाग गेली की लागवडीपासूनची सारी वर्षे जातात. म्हणून फळबागेचा निर्णय पाण्याच्या हिशेबाशिवाय घेऊ नये. हा हिशेब अवघड नाही. १,००० हेक्टरच्या शिवारावर ६५० मिलिमीटर पाऊस पडला तर ६५ लाख घनमीटर पाणी आले. त्यातले बरेचसे उन्हाने आणि पिकांनी उडते, काही ओढ्याने वाहून जाते, थोडे मुरते. माणसे, जनावरे आणि खरीप यांची गरज वजा केल्यावर उरते त्यावर रब्बी ठरवायची. जालना तालुक्यातल्या कडवंचीने १९९६ पासून माथा ते पायथा पाणलोटाचे काम केले, म्हणून दुष्काळातही तिथल्या द्राक्षबागांची चर्चा झाली. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची त्याला साथ होती.

हाच विचार सरकारी पातळीवर आला तो २०१८ मध्ये, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून. शेतकऱ्यांच्या तोंडी तो 'पोकरा'. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातली पाच हजारांहून अधिक गावे, गावोगाव ग्राम कृषी संजीवनी समिती, पाण्याचा ताळेबंद, रुंद वरंबा-सरीची पेरणी, शेडनेट, ठिबक. आराखडा चांगला आहे. पण विद्यार्थ्याने दोन गोष्टी खोदून पाहाव्यात. एक, वैयक्तिक अनुदानाच्या घटकांकडे ओढा जास्त असतो आणि सामूहिक ताळेबंद मागे पडतो. प्लास्टिक अंथरलेले शेततळे पावसाऐवजी विहिरीच्या नाहीतर बोअरच्या पाण्याने भरले, तर एकाची बाग वाचते आणि शेजाऱ्याची विहीर लवकर आटते. २००९ चा भूजल अधिनियम कागदावर आहे. त्याचा अंमल शिवारात दिसत नाही, तोवर ही गाठ सुटणार नाही. दुसरी गोष्ट पैशाची. या प्रकल्पासाठी जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलर दिले ते कर्ज म्हणून. बदनापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने वातावरणात किती कार्बन सोडला? तरी जुळवून घेण्याचा खर्च त्याच्या राज्याने व्याजासह फेडायचा. द्वीपराष्ट्रे तीस वर्षांहून अधिक काळ हाच अन्याय मांडत आहेत, आणि त्यांचा मुद्दा बरोबर आहे.

या विषयात येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत आहे. भूगोलाचा विद्यार्थी असो, कृषी सहायक असो की सरपंच. पॅरिस करार जरूर वाचा. त्यासोबत ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या गावचा पाण्याचा ताळेबंद मागा. नसेल तर तलाठ्याकडून शिवाराचे क्षेत्र आणि मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे घ्या, विहिरींची पाणीपातळी दिवाळीनंतर आणि मे महिन्यात मोजा, आणि तो ताळेबंद रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेपुढे ठेवा.